सातबारा आपला, मग शेड बेकायदा कसं? दुकानापुढच्या मोकळ्या जागेचा सगळा हिशोब

नगर-मनमाड रस्ता घ्या, संगमनेरवरून जाणारा पुणे-नाशिक महामार्ग घ्या, नाहीतर नगरवरून कल्याणकडे जाणारा रस्ता घ्या. रुंदीकरणाचं काम निघालं, मोजणीवाले टेप घेऊन आले आणि दुकानांच्या भिंतींवर लाल खुणा पडल्या, की एक वाक्य हमखास ऐकू येतं.

"साहेब, जागा माझ्या नावावर आहे. सातबारा बघा. माझ्याच जागेत शेड टाकलंय, त्यात सरकारचं काय गेलं?"

यातली गंमत अशी की बऱ्याचदा तो माणूस खोटं बोलत नसतो. जागा खरंच त्याची असते, शेड खरंच त्याच्या हद्दीत असतं. तरीही ते बेकायदा ठरू शकतं, कारण सातबारा फक्त जमीन कोणाची ते सांगतो. त्या जमिनीच्या कोणत्या भागात बांधायचं आणि कोणता भाग मोकळा ठेवायचा, हे ठरवणारे नियम वेगळे आहेत. घर बांधताना थोडंफार तरी ते पाळले जातात. पण दुकान, हॉटेल, लॉज, मंगल कार्यालय किंवा पेट्रोल पंप बांधताना रस्त्याकडेची एकेक फूट जागा सोन्याच्या भावाची असते, त्यामुळे सगळ्यात आधी गिळली जाते तीच.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा विषय घरोघरी पोचलेला आहे. जिल्ह्यातून राष्ट्रीय महामार्ग जातात, शिर्डीसारखं देवस्थान आहे, साखर कारखाने आहेत आणि प्रत्येक फाट्यावर नवं मार्केट उभं राहतंय. म्हणूनच जागा घेण्याआधी, गाळा भाड्याने घेण्याआधी किंवा दुकानापुढे पत्रे टाकण्याआधी हा हिशोब माहीत असलेला बरा.

आधी तीन रेषा समजून घ्या

रस्त्याकडेच्या कोणत्याही जागेवर तीन रेषा असतात. जमिनीवर त्या दिसत नाहीत, कागदावर असतात.

पहिली म्हणजे रस्त्याची हद्द. सरकारच्या मालकीची जागा इथे संपते. एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, ती म्हणजे डांबर संपलं म्हणजे रस्ता संपला असं नसतं. डांबराच्या बाजूची साइडपट्टी, गटार, झाडांची ओळ हे सगळं रस्त्याच्याच जागेत येतं. या जागेत काही बांधलं तर ते सरळ अतिक्रमण.

दुसरी म्हणजे इमारत रेषा. रस्त्याची हद्द संपली की आपली जागा सुरू होते, पण इमारत रेषेपर्यंत त्या आपल्या जागेतही बांधकाम करता येत नाही.

तिसरी म्हणजे नियंत्रण रेषा. नाव ऐकून काश्मीर आठवेल, पण या रेषेचा संबंध महामार्गाशी आहे. इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, मात्र रस्ता ज्या खात्याचा आहे त्याची परवानगी घेऊनच.

या रेषा ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्रात १९५५ च्या महामार्ग कायद्याने दिला. म्हणजे आजच्या बहुतेक दुकानदारांच्या जन्माआधीचा हा नियम आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अगदी खेटून दुकानांची माळ लागते, त्यालाच नगररचनेच्या भाषेत पट्टा विकास म्हणतात. तो रोखणं हा या रेषांचा हेतू. माळ एकदा लागली की महामार्गाचा बाजार होतो, वाहनांचा वेग मरतो, अपघात वाढतात आणि पुढे रस्ता रुंद करायचा म्हटलं तर जागाच उरत नाही. मग बायपास काढावा लागतो, काही वर्षांनी बायपासलाही माळ लागते आणि गाडी पुन्हा मूळपदावर येते.

सहा गुंठ्यांतले किती गुंठे उरतात?

आता आकड्यांकडे येऊ. रस्त्यांची मानकं ठरवणारी देशातली संस्था म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस. सपाट भागात, शहराच्या हद्दीबाहेर, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांसाठी तिचं मानक असं आहे: रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा. प्रमुख जिल्हा मार्गासाठी हेच आकडे मध्यापासून २५ आणि ५० मीटर असे होतात. महामार्गाच्या जागेची एकूण रुंदी साधारण ४५ मीटर धरलेली असते.

समजा, एका माणसाने नगरबाहेर महामार्गालगत 'रोड टच' प्लॉट घेतला. रस्त्याकडची बाजू २० मीटर, खोली ३० मीटर. म्हणजे ६०० चौरस मीटर, आपल्या भाषेत जवळपास ६ गुंठे.

रस्त्याची जागा ४५ मीटर असेल तर मध्यापासून साडेबावीस मीटरवर रस्त्याची हद्द संपते आणि प्लॉट सुरू होतो. इमारत रेषा मात्र ४० मीटरवर आहे. म्हणजे प्लॉटच्या पुढच्या बाजूचे साडेसतरा मीटर मोकळे सोडावे लागणार. ३० मीटर खोलीतून साडेसतरा गेले, उरले साडेबारा. क्षेत्रफळात बोलायचं तर ६०० पैकी ३५० चौरस मीटर, म्हणजे जवळपास साडेतीन गुंठे जागेवर एक वीटही चढवता येत नाही. उरलेल्या अडीच गुंठ्यांतूनही बाजूची आणि मागची अंतरं सोडायची आहेतच.

आता यातली खरी मेख बघा. रस्त्याची जागा ४५ ऐवजी ३० मीटरच असेल तर काय? वरवर वाटतं, रस्ता अरुंद म्हणजे आपला फायदा. होतं उलटं. रस्त्याची हद्द मध्यापासून १५ मीटरवर संपते, प्लॉट लवकर सुरू होतो, पण इमारत रेषा ४० मीटरवरच राहते. म्हणजे पुढे २५ मीटर सोडायचे आणि ३० मीटर खोलीच्या प्लॉटमध्ये बांधायला मिळतात फक्त ५ मीटर!

शिवाय दोन्ही उदाहरणांत अख्खा प्लॉट मध्यापासून ७५ मीटरच्या आतच बसतो. म्हणजे जे काही बांधायचं ते रस्त्याच्या खात्याला विचारूनच.

प्लॉट विकणारा हे सांगत नाही. तो 'रोड टच' सांगतो, 'भविष्यात सोनं' सांगतो आणि दर लावतो पूर्ण ६ गुंठ्यांचा. पूर्वीचा एखादा राज्य मार्ग पुढे राष्ट्रीय महामार्ग झाला, तर जुन्या हिशोबाने घेतलेल्या प्लॉटचं गणितही बदलू शकतं.

शहराच्या हद्दीत नियम वेगळा

हे ४० आणि ७५ चे आकडे मोकळ्या भागातले. गावठाण, नगरपरिषद किंवा महापालिकेची हद्द आली की अंतरं कमी होतात, कारण तिथे विकास आराखडा असतो आणि रस्त्यांची रुंदी त्यात ठरलेली असते.

शहरांसाठी आज लागू आहे ती एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, बोलीभाषेत युडीसीपीआर. राज्य सरकारने ती डिसेंबर २०२० मध्ये लागू केली. त्याआधी महापालिकांचे नियम वेगळे, नगरपरिषदांचे वेगळे, प्रादेशिक योजनांचे आणखी वेगळे असा गोंधळ होता. मुंबई महापालिका, एमआयडीसी आणि असे काही मोजके अपवाद सोडले तर आता राज्यभर एकच नियमावली आहे. त्यामुळे अहिल्यानगर महापालिका, संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, शिर्डी यांसारख्या नगरपरिषदा आणि पारनेर, अकोले, कर्जत, नेवासा या नगरपंचायती एकाच पुस्तकावर चालतात.

तरी एकाच शहरात दोन प्रकारचे भाग असतात. नगरचंच बघा. कापड बाजार, दाळमंडई, आडते बाजार हा जुना भाग शहराच्या पाचशे वर्षांच्या इतिहासातून वाढलेला. तिथे भिंतीला भिंत लागलेली आहे, दुकानाची पायरी थेट रस्त्यात उतरते. अशा भागाला नियमावली 'दाट वस्ती' मानते आणि पुढची-बाजूची अंतरं बरीच कमी ठेवते. जुनी इमारत पाडून नवी बांधताना मात्र रस्त्यासाठी मागे सरकावं लागतं. अगदी अरुंद बोळ असेल तर अंतर बोळाच्या मध्यापासून मोजलं जातं, म्हणजे दोन्ही बाजूंची घरं जसजशी नवी होतील तसतसा बोळ आपोआप रुंद होत जावा.

सावेडी, केडगाव, बोल्हेगाव असा वाढता भाग आला की नियम कडक होतात. तिथे पुढच्या बाजूला किती सोडायचं ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता जेवढा मोठा तेवढी पुढची मोकळी जागा जास्त. बाजूला आणि मागे किती सोडायचं ते इमारतीच्या उंचीवर. १५ मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी ढोबळ सूत्र आहे उंचीच्या एक पंचमांशाचं. २० मीटर उंच इमारत असेल तर बाजूला ४ मीटर.

त्यातही निव्वळ राहती इमारत आणि व्यापारी इमारत यांचे तक्ते वेगळे आहेत. मल्टिप्लेक्स, सभागृह, मंगल कार्यालय, दवाखाना अशा ठिकाणी एका वेळी शेकडो माणसं जमतात. त्यामुळे शेजारच्या बंगल्याने जेवढी जागा सोडली तेवढीच आपण सोडली, हा हिशोब तिथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट. नागापूर किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत प्लॉट असेल तर एमआयडीसीचे स्वतःचे नियम लागतात. भिंगारच्या छावणी हद्दीत छावणी परिषदेकडे जावं लागतं. नगरमधून जाणाऱ्या एकाच रस्त्यावर दोन-तीन किलोमीटरमध्ये परवानगी देणारं कार्यालय बदलू शकतं ते यामुळेच.

एवढी जागा मोकळी ठेवून मिळतं काय?

उजेड आणि हवा हे पुस्तकी उत्तर झालं. व्यापारी इमारतीत या जागेचं खरं काम सुरू होतं ते आग लागल्यावर.

ऑगस्ट २०२५ मध्ये नेवासा फाट्यावर मध्यरात्री एका फर्निचरच्या दुकानाला आग लागली. दुकानाला लागूनच घर होतं. एकाच कुटुंबातल्या ५ जणांचा जीव गेला. आग कशी लागली हा वेगळा प्रश्न. पण या घटनेने दाखवून दिलं ते जिल्ह्यातल्या प्रत्येक बाजारपेठेला लागू आहे. पुढे दुकान, मागे किंवा वर घर, ही आपल्याकडची अगदी नेहमीची रचना आहे. प्लायवूड, फोम, कापड, रंग, तेल असा पटकन पेटणारा माल पुढे आणि झोपलेली माणसं मागे. बाजूचं आणि मागचं अंतर बंद केलेलं असेल तर बाहेर पडायची वाट दुकानातूनच जाते, आणि आग तर तिथेच लागलेली असते.

राष्ट्रीय इमारत संहिता म्हणूनच मोकळ्या जागेबद्दल इतकी काटेकोर आहे. उंच आणि गर्दीच्या इमारतींभोवती अग्निशमनाची गाडी फिरू शकेल अशी ६ मीटर रुंद वाट हवी. ती जमीन ४५ टन वजनाची गाडी पेलणारी हवी, म्हणजे खाली सेप्टिक टँक आणि वर पातळ स्लॅब असं चालत नाही. आवाराचं मुख्य फाटकही किमान ६ मीटर रुंद हवं. फाटकावर कमान असेल तर तिची उंचीही मोठी गाडी खालून जाईल एवढी हवी.

हॉटेल किंवा लॉन्सच्या दिमाखदार कमानी आठवून बघा. नवरदेवाची वरात खालून जाते, अग्निशमनाचा बंब जाईल का?

गाडी आत पोचली तरी तिला वळायला जागा लागते. इमारतीच्या बाजूला जनरेटर, मागे गॅस सिलिंडरचा पिंजरा, कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि उरलेल्या जागेत कामगारांची खोली असं झालं, की नकाशावरचे ६ मीटर नकाशावरच राहतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अशा इमारतींच्या मालकांनी किंवा भोगवटादारांनी दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत, परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून, आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. भिंतीवर सिलिंडर टांगलेला असणं ही त्यातली फक्त एक बाब.

गाडी रस्त्यावर येते तिथे काय?

दुसरा प्रश्न दुकानातून रस्त्यावर येणाऱ्या वाटेचा. लोकांना वाटतं, प्लॉट रस्त्याला लागून आहे म्हणजे गाडी कुठूनही आत-बाहेर करता येणार. राष्ट्रीय महामार्गावर तसं नाही. २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण कायद्याने स्पष्ट केलंय की परवानगीशिवाय कोणालाही महामार्गावर वाहनाने प्रवेश करण्याचा हक्क नाही. जागा लागून असणं ही एक गोष्ट आणि तिथून वाट मिळणं ही दुसरी. हॉटेल, पेट्रोल पंप, गोदाम, शोरूम, सगळ्यांना ही परवानगी लागते. तिचे निकष केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२० मध्ये नव्याने जाहीर केले.

ही परवानगी म्हणजे परवाना असतो, कायमची मालकी नसते. रस्ता चौपदरी झाला, सेवा रस्ता आला, तर वाट बदलू शकते.

एवढा कडकपणा कशासाठी, ते वेगाच्या हिशोबातून कळतं. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर काही दिसलं, ड्रायव्हरने ओळखलं, ब्रेक दाबला आणि गाडी थांबली, या सगळ्याला सुमारे १२० मीटर लागतात. म्हणून बाहेर पडणाऱ्या गाडीला आणि महामार्गावरच्या गाडीला एकमेकांना तेवढ्या अंतरावरून दिसायला हवं. फाटकाजवळचा मोठा फलक, रस्त्याला खेटलेली उसाच्या रसाची टपरी, उभी केलेली मालगाडी किंवा उंच कुंपण यांनी ती नजर अडते. बाहेर पडणारा मग काय करतो? गाडीचं नाक रस्त्यात घालतो आणि तिथून बघतो. अपघात होतो तो तिथेच.

पेट्रोल पंपाची वाट कशी असावी याचं मानक बघितलं की बाकीच्यांनाही अंदाज येतो. पंपात शिरणाऱ्या गाडीला वेग कमी करायला ७० मीटरची वेगळी मार्गिका, आणि बाहेर पडून वेग घ्यायला १०० मीटरची मार्गिका अपेक्षित असते. म्हणजे वळणारी गाडी मुख्य रस्त्यावर अचानक हळू होत नाही आणि मागून येणारा तिच्यावर आदळत नाही. याउलट बऱ्याच ढाब्यांपुढे अख्खा दर्शनी भाग रस्त्याला खुला असतो. गाडी कुठून येईल आणि कुठून जाईल, याचा नेम नसतो.

आपल्या भागात यात दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे उसाचा हंगाम. डबल ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर वळवायला जी जागा लागते ती मोटारीच्या हिशोबाने काढलेल्या फाटकात मिळत नाही. दुसरी म्हणजे लग्नसराई. हजार पाहुण्यांच्या लॉन्सला एकच फाटक आणि तेही थेट महामार्गावर असेल, तर पंगत उठल्यावर दोन किलोमीटरपर्यंत रांग लागते. त्या रांगेत रुग्णवाहिकाही असू शकते. आत जायची आणि बाहेर यायची वाट वेगळी ठेवली, फाटक आतल्या बाजूला उघडणारं आणि रस्त्यापासून निदान एक-दोन गाड्या उभ्या राहतील एवढं आत घेतलं, तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

तळघरात पार्किंग असेल तर रॅम्पचा हिशोब सुरुवातीलाच करावा लागतो. ८ मीटर लांबीला १ मीटर चढ असा उतार धरला, तर ३ मीटर खोल तळघरासाठी २४ मीटर लांब रॅम्प लागतो. छोट्या प्लॉटवर एवढी लांबी मिळत नाही. मग रॅम्प फुटपाथवर येतो किंवा इतका उभा होतो की तिथे कोणी गाडी नेतच नाही. पार्किंगमध्ये गाळे निघतात आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या रस्त्यावर लागतात. सावेडीपासून श्रीरामपूरपर्यंत ही गोष्ट सगळीकडे सारखीच आहे.

मोकळ्या जागेत चालतं काय, चालत नाही काय?

मोकळी जागा म्हणजे तिथे पाऊलही ठेवायचं नाही असं नाही. साधारण पाऊण मीटरपर्यंतचा छज्जा, झाडं, कुंपण, पहारेकऱ्याची छोटी चौकी अशा काही गोष्टींना नियमावलीत ठरावीक मापात मुभा आहे. अग्निशमनाची वाट अडत नसेल तर काही भागात गाड्याही लावता येतात. कुठे आणि किती, हे मंजूर नकाशात दाखवलेलं असतं.

चालत नाही ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दुकानापुढे लोखंडी खांब रोवून टाकलेलं पत्र्याचं शेड, गटारीवर स्लॅब टाकून पुढे वाढवलेला ओटा, बाजूच्या अंतरात काढलेलं स्वयंपाकघर, मागच्या अंतरात केलेलं गोदाम. 'पत्रेच तर आहेत, पक्कं बांधकाम कुठंय?' असा युक्तिवाद होतो. पण तात्पुरतं बांधकामही परवानगीशिवाय केलं तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात ते काढण्याची वेगळी तरतूद आहे.

पायऱ्यांचा प्रश्न जरा वेगळा. रस्त्यावर थरावर थर चढतात, रस्ता उंच होतो, म्हणून नवा दुकानदार जोतं आणखी उंच घेतो आणि पायऱ्या किंवा दुचाकीचा रॅम्प रस्त्याच्या हद्दीत, गटारीवर उतरवतो. पावसाळ्यात गटार तुंबतं आणि पाणी शेजारच्या जुन्या, खालच्या दुकानात शिरतं. पायऱ्या स्वतःच्या मोकळ्या जागेत घेतल्या असत्या तर हे भांडणच झालं नसतं.

सोडलेली जागा आणि गेलेली जागा

इथे लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो आणि पैसेही इथेच बुडतात.

नियमाप्रमाणे सोडलेली मोकळी जागा मालकाचीच राहते. ती सरकार घेत नाही, म्हणून तिची भरपाईही नसते.

रस्ता रुंदीकरणात गेलेली जागा मात्र मालकाच्या हातून जाते आणि तिचा मोबदला मिळतो. विकास आराखड्यातल्या रस्त्यासाठी तो रोख असू शकतो, वाढीव बांधकामाच्या हक्काच्या म्हणजे चटई क्षेत्राच्या स्वरूपात असू शकतो किंवा विकास हक्काच्या म्हणजे टीडीआरच्या रूपात असू शकतो. महामार्गाच्या भूसंपादनात रोख मोबदला असतो.

आता यात गोम अशी की रुंदीकरणानंतर अंतरं नव्या हद्दीपासून मोजली जातात. आज बरोबर अंतर सोडून बांधलेलं दुकान आराखड्यातला रस्ता प्रत्यक्षात आल्यावर रस्त्याला खेटू शकतं. म्हणून जाणता वास्तुविशारद आजचा रस्ता बघत नाही, आराखड्यात रस्ता किती रुंद दाखवलाय ते बघतो आणि तिथून मोजतो.

जागा संपादित होते तेव्हा त्यावरच्या बांधकामाचाही विचार होतो. पण परवानगी नसलेलं, मोकळ्या जागेतलं शेड असेल तर मालकाची बाजू तिथेच लंगडी पडते. शेजारच्या परवानगीवाल्या दुकानाला मोबदला आणि आपल्याला नोटीस, असं घडण्यामागे बहुतेक वेळा एवढा एकच कागद असतो.

नोटीस आली तर?

न्यायालयांची भूमिका गेल्या काही वर्षांत दोन्ही अंगांनी स्पष्ट झाली आहे.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बांधकाम पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, म्हणणं ऐकून घ्यावं आणि कारणांसह आदेश काढावा. सकाळी ठरवलं आणि दुपारी पाडलं, हे चालणार नाही. पण याच निकालात एक अपवाद आहे. रस्ता, फुटपाथ, नदी, रेल्वेमार्ग अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. म्हणजे शेड आपल्या हद्दीत आहे की रस्त्याच्या, यावर आपल्याला किती वेळ मिळणार हे ठरतं. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतलेली बरी.

महिनाभरानंतर, १७ डिसेंबर २०२४ रोजी, मेरठमधल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू मांडली. राहत्या भूखंडावर उभ्या राहिलेल्या दुकानांचं ते प्रकरण होतं. बांधकाम कितीही जुनं असलं, अधिकाऱ्यांनी कितीही वर्षं दुर्लक्ष केलं, त्यावर कितीही पैसा खर्च झाला, तरी त्यामुळे बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असं न्यायालय म्हणालं. वीज-पाण्याची जोडणी, बँकेचं कर्ज आणि व्यवसायाचा परवाना देताना पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला बघावा, असंही त्यात आहे.

याचा फटका फक्त मालकाला बसत नाही. गाळा भाड्याने घेऊन फर्निचर, फ्रीज, माल यांत लाखो रुपये घातलेल्या भाडेकरूलाही बसतो. आणि पंधरा वर्षं घरपट्टी भरल्याची पावती त्याला वाचवत नाही, कारण कर भरला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

मंजूर नकाशापेक्षा थोडाफार फरक पडला असेल, तर काही बाबी शुल्क भरून नियमित करण्यासाठी अर्ज करता येतो. पण रस्त्याच्या जागेवर आलेलं किंवा अग्निशमनाची वाट अडवणारं बांधकाम त्यात बसेल अशी आशा धरू नये.

सही करण्याआधी एवढं तपासा

रस्ता कोणाचा आहे ते आधी विचारा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग, राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभाग, गावाकडचा रस्ता असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. शहरातल्या रस्त्यासाठी महापालिका किंवा नगरपरिषद.

जमीन बिनशेती असेल तर आदेश पूर्ण वाचा. फक्त पहिलं पान नको. रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडायचं याची अट बऱ्याचदा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असते.

महापालिका किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून त्या गटाचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. समोरचा रस्ता आज किती आहे आणि आराखड्यात किती आहे, दोन्ही आकडे लिहून घ्या. चालू तक्त्याप्रमाणे पुढे, बाजूला आणि मागे किती सोडायचं हेही तिथेच कळतं. नियमावलीत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी भावकीतल्या कोणाला किती सोडावं लागलं, यावर विसंबू नये.

तयार इमारत किंवा गाळा असेल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला मागा. नकाशा हातात घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारा. नकाशात मोकळी दिसणारी जागा प्रत्यक्षात मोकळी आहे का, नकाशातलं पार्किंग खरंच पार्किंग आहे का, हे दहा मिनिटांत कळतं.

आणि शेवटी टेप घेऊन रस्त्याच्या मध्यापासून प्लॉटपर्यंत मोजा. वाहतूक चालू असते, तेव्हा जपून आणि एखाद्या सर्व्हेअरला सोबत घेऊनच. मिळालेला आकडा ४० मधून वजा केला की महामार्गावरच्या जागेत पुढून किती मीटर सोडावे लागतील ते समजतं. प्लॉटच्या खोलीतून तेवढे मीटर वजा करा. मग जे उरेल, भाव त्याचा करायचा.

विकणाऱ्याला हे गणित आवडणार नाही. पण रस्त्याचं काम निघाल्यावर भिंतीवर लाल खूण पडते ती याच गणिताने.